कॅपेल केलिन हॉल्ट : धरणापायी गेलेली रेल्वेवाट

वेल्समध्ये बंद पडलेल्या खेड्यातल्या स्टेशनांना तोटा नाही. बहुतेकांची कथा एकच : मोटारी आल्या, प्रवासी घटले, गाडी परवडेना. कॅपेल केलिनचं तसं नाही. इथे स्टेशनाबरोबर गावही गेलं.

उत्तर वेल्समधला बाला–फेस्टिनियोग लोहमार्ग 1882 साली सुरू झाला आणि 1910 मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेने तो विकत घेतला. ट्रवेरिन नदीच्या खोऱ्यातल्या कॅपेल केलिनला गाडी थांबू लागली ती 1 डिसेंबर 1930 पासून. फक्त प्रवाशांसाठीचा हा साधा हॉल्ट, मालाची चढ-उतार नाही. गावात शाळा, टपालघर, प्रार्थनामंदिर, बोली वेल्श.

लिव्हरपूल शहराला पाणी हवं होतं. नगरपालिकेने थेट ब्रिटिश संसदेत विधेयक आणलं, त्यामुळे वेल्समधल्या स्थानिक संस्थांची परवानगी घ्यावीच लागली नाही. 1956 च्या नोव्हेंबरात गावकरी लिव्हरपूलच्या रस्त्यांवरून मोर्चाने गेले. वेल्सच्या 36 पैकी 35 खासदारांनी विधेयकाला पाठिंबा दिला नाही. तरी 1957 मध्ये कायदा झालाच.

जलाशय लोहमार्गावर येणार होता. डोंगराच्या कडेने मार्ग वळवता आला असता, पण इतक्या थोड्या प्रवाशांसाठी तो खर्च कोण करणार? जानेवारी 1960 मध्ये प्रवासी गाड्या थांबल्या, वर्षभराने मालगाड्याही. 1963 मध्ये प्रार्थनामंदिरात शेवटची उपासना झाली. 1965 मध्ये धरणाचं उद्घाटन झालं. गावातल्या 67 पैकी 48 जणांची घरं गेली.

मी इंजिनीअर, म्हणून एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो. या तलावातून लिव्हरपूलला थेट नळ जातच नाही. साठवलेलं पाणी नदीत सोडतात, ते डी नदीला मिळतं आणि खाली चेस्टरजवळ उपसलं जातं. योजना म्हणून ती चोखच आहे. पण नकाशावर जलरेषा आखताना तिच्या आत कोण राहतं, हे विचारायचं काम कुणाचं?

धरण नसतं तरी ही गाडी पुढेमागे बंद पडली असती, हे मान्य करायला हवं. गावाबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही. लिव्हरपूलच्या नगरपरिषदेने माफी मागितली ती 2005 साली.

याच मार्गावरचा कुम प्रिसोरचा नऊ कमानींचा पूल आजही उभा आहे. आणि पाऊस ओढ देतो तेव्हा तलावाच्या तळाशी भिंतींचे दगड दिसू लागतात.