कौरी वृक्ष: बुटाला लागलेल्या मातीमुळे जंगलच धोक्यात, नेमके प्रकरण काय?

न्यूझीलंडच्या उत्तरेकडील कौरी जंगलांत शिरण्यापूर्वी पर्यटकांना बूट घासून त्यावर जंतुनाशक फवारावे लागते. कारण बुटाला चिकटलेली चिमूटभर मातीही हजार वर्षांहून अधिक जगणाऱ्या कौरी वृक्षाचा जीव घेऊ शकते.

आजार काय आहे?
‘फायटोफ्थोरा अगाथिडिसिडा’ हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव मातीत राहतो. सुपारीवरील कोळेरोगही याच गटातला. ओल्या मातीत त्याचे बीजाणू पोहत मुळांपर्यंत जातात. मुळे कुजतात, बुंध्यातून डिंक गळतो, शेंडा विरळ होतो आणि झाड वाळते.

रोखणे अवघड का?
त्याचे जाड कवचाचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे तग धरतात. आजार पूर्ण बरा करणारे औषध नाही. खोडात फॉस्फाइट टोचल्यास तो फक्त मंदावतो.

मग उपाय काय?
माती एका जागेवरून दुसरीकडे जाऊ न देणे. त्यासाठी डिसेंबर २०१७ मध्ये स्थानिक माओरी समाजाने ऑकलंडजवळच्या वाइताकेरे जंगलात ‘राहुई’ म्हणजे पारंपरिक प्रवेशबंदी जाहीर केली. २०१८ मध्ये महापालिकेनेही जंगलातील बहुतेक वाटा बंद केल्या. चिखल लागणार नाही अशा पद्धतीने बांधलेल्या वाटाच नंतर टप्प्याटप्प्याने खुल्या झाल्या.