सौर पॅनेल लावलं की केबिन स्वयंपूर्ण होते?

सह्याद्रीत भटकणाऱ्यांसाठी डोंगरमाथ्यावर ‘पर्यावरणपूरक’ केबिन बांधाव्यात, अशी कल्पना हल्ली वरचेवर मांडली जाते. चित्र ठरलेलं असतं: बांबूची खोली, छपरावर सौर पॅनेल, मागे बायोगॅस, आणि विजेची तार कुठेही नाही. यातल्या प्रत्येक गोष्टीत थोडं तथ्य आहे. पण तार नाही म्हणजे केबिन स्वयंपूर्ण झाली, हा समज चुकीचा आहे. शहरात तार, नळ, गटार आणि कचऱ्याची गाडी जी कामं गाजावाजा न करता उरकतात, ती डोंगरावर कुणाला तरी रोज हातानं करावी लागतात. ती कोण करणार, एवढ्यावरच केबिन टिकणार की नाही हे ठरतं.

विजेपासूनच सुरुवात करू, कारण सगळी चर्चा तिच्याभोवती फिरते आणि खरं तर तीच सर्वांत सोपी आहे. बारा जणांच्या केबिनला पाच वॉटचे सहा दिवे पाच तास लागले, तर दीडशे वॉट-तास होतात. प्रत्येकाचा मोबाइल एकदा चार्ज करायला आणखी एकशे ऐंशी धरा. म्हणजे गरज एका युनिटच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, आणि हिवाळ्यातल्या स्वच्छ उन्हात दोनशे वॉटचं एक पॅनेल ती सहज भागवतं. पावसाळ्यात ढगांमुळे हे गणित कोलमडतं, तेव्हा दिवे कमी लावायचे. अडचण येते ती फ्रिज, गिझर आणि पंप मागणाऱ्या पाहुण्यामुळे.

दुसरा समज असा की माथ्यावर पाणी नसतं. ज्या सह्याद्रीत वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस नवलाचा नाही, तिथे पाण्यापेक्षा साठवणीची वानवा आहे. चाळीस चौरस मीटर छपरावर सव्वातीनशे मिलिमीटर पाऊस पडला, तर गळती वजा जाता दहा हजार लिटर पाणी मिळतं; घाटमाथ्यावर जुलैचा एखादा पंधरवडा त्याला पुरतो. बारा जणांनी माणशी दहा लिटर वापरलं आणि कोरड्या आठ महिन्यांत फक्त शनिवार-रविवारी मुक्काम झाला, तर हंगामाला साधारण साडेआठ हजार लिटर लागतात. पाणी असं साठवणं आपल्याकडे नवं नाही. सातवाहनकाळापासून वाहत्या नाणेघाटात भिंतीलगत दगडी बाकं असलेलं लेणं आहे आणि जवळच खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. आता या हिशेबात फ्लशचा संडास घाला. सहा लिटरचा फ्लश माणशी तीनदा, म्हणजे दिवसाला दोनशे सोळा लिटर. पिणं, स्वयंपाक, धुणं सगळं मिळून लागतं त्याच्या जवळजवळ दुप्पट. शिवाय ते घाण पाणी मुरायला जागा हवी. बसाल्टच्या माथ्यावर माती वीतभर, खाली कातळ. शोषखड्ड्यातलं पाणी भेगांतून वाट काढत खालच्या टाक्यात किंवा झऱ्यात उतरू शकतं. म्हणून इथे दोन हौदांचा कोरडा संडासच हवा: लघवी वेगळी, मैल्यावर दर वेळी राख किंवा सुका पाला, एक हौद भरला की तो वर्षभर बंद. कणकवलीच्या गोपुरी आश्रमाचे अप्पासाहेब पटवर्धन सोनखताचा हा विचार गेल्या शतकातच मांडून गेले आहेत. मात्र राख टाकायला आणि हौद उपसायला माणूस लागतोच.

‘नैसर्गिक’ साहित्य आपोआप टिकाऊ असतं, हाही भाबडा समज. प्रक्रिया न केलेल्या बांबूला भुंगा लागतो. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात तो मुरवला तरी पावसाच्या माऱ्यापासून जपावा लागतो. कारवीच्या कुडाच्या भिंती डोंगरातल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या दिसतात, पण त्या टिकतात कारण घरातली माणसं त्या वेळच्या वेळी लिंपतात आणि आत चूल पेटती असते. हीच भिंत आठवडाभर कुलूपबंद खोलीला दिली तर एका पावसाळ्यात तिला बुरशी धरेल.

बायोगॅसचं तसंच. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेला ‘निसर्गऋण’ प्रकल्प या चर्चेत हमखास निघतो. ओला कचरा गरम पाण्याबरोबर दळून आधी हवेच्या सान्निध्यात आणि मग हवाबंद टाकीत कुजवायचा, अशी त्याची रीत. तंत्र चोख आहे, पण टाकीतल्या जिवाणूंना रोजचा घास लागतो. शनिवारी पोतंभर आणि मंगळवारी काहीच नाही, अशा आहारावर ती टाकी आंबते. रोज स्वयंपाक होणाऱ्या वस्तीला हे तंत्र शोभतं, माथ्यावरच्या रिकाम्या खोलीला नाही. याच केंद्राचा विजेशिवाय चालणारा पटलाचा पाणी-फिल्टर मात्र केबिनला बेतून केल्यासारखा आहे. तो गाळ आणि जिवाणू अडवतो, विरघळलेले क्षार नाही. आणि पटल अधूनमधून धुवावं लागतं.

यावर ठरलेला आक्षेप असा: आल्प्समध्ये जमतं, मग आपल्याकडे का नाही? झ्युरिकच्या ईटीएच संस्थेच्या पुढाकारानं 2009 मध्ये उभं राहिलेलं मोंटे रोझा निवासस्थान 2,883 मीटरवर बहुतांश वीज स्वतः बनवतं, हे खरं. पण हंगामात तिथे राखणदार राहतो आणि सामान हेलिकॉप्टरनं येतं. शिवाय तिथली गरजही वेगळी आहे: हिमवादळात सापडलेल्याला खाली उतरता येत नाही. सह्याद्रीत बहुतेक माथे गावापासून काही तासांवर आहेत. पाचनईहून हरिश्चंद्रगड गाठायला दोनेक तास पुरतात. राजमाचीची उधेवाडी तर श्रीवर्धन आणि मनरंजन या बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशीच वसली आहे. गावात मुक्काम केला तर पहाटेचा सूर्योदय चुकेल, ही तक्रार तिथे टिकत नाही. वर कायद्याचा प्रश्न आहेच. केंद्रानं संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती शंभर मीटरांत नवं बांधकाम चालत नाही आणि वनजमिनीला वेगळी परवानगी लागते.

माथ्यावर राहणारी गर्दी तंबूतही घाण करतेच, मग केबिन काय वाईट, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याचं उत्तर केबिनऐवजी संडास हे आहे. परवानगी मिळेल तिथे माथ्यावर पावसापुरता आडोसा, उपसून स्वच्छ केलेलं टाकं आणि दोन हौदांचा कोरडा संडास पुरे. खाटा, चूल, पॅनेल आणि बायोगॅस हे सगळं पायथ्याच्या किंवा मधल्या वाडीतल्या राहत्या घरांत असावं आणि मुक्कामाचे पैसेही तिथेच जावेत. कोणता हौद कधी बंद केला याची वही वाडीनंच ठेवावी, आणि एप्रिलमध्ये टाक्याचा तळ दिसू लागला की शनिवारची माणसं कमी करण्याचा अधिकारही तिलाच असावा.