बरोबरीचा डाव

बुद्धिबळाच्या पटावर जय आणि पराजय यांखेरीज आणखी एक निकाल संभवतो. तो म्हणजे बरोबरी. डाव जिंकणाऱ्यास एक गुण मिळतो, हरणाऱ्यास काहीच मिळत नाही. डाव बरोबरीत सुटल्यास मात्र दोघांनाही अर्धा-अर्धा गुण देतात.

बरोबरी अनेक प्रकारांनी होते. दोघांच्या संमतीने ती होते. तीच स्थिती पटावर तिसऱ्यांदा आल्यास खेळाडूस ती मागता येते. दोन्ही राजे एकटेच उरले, तर मात करणे कोणासच शक्य नसते. परंतु सर्वांत बोधप्रद प्रकार याहून निराळा आहे. ज्याची पाळी आहे त्याच्या राजास शह नाही, आणि तरीही नियमास धरून एकही खेळी त्यास उरलेली नाही, अशा वेळी डाव तेथेच बरोबरीत संपतो.

एक उदाहरण पाहा. काळ्याचा राजा एकटा आहे. पांढऱ्याचे एक प्यादे पटाच्या मध्यभागातून सातव्या ओळीत पोहोचले आहे. आणखी एक घर पुढे गेले की त्याचा वजीर होणार! पण काळा राजा नेमका त्याच्या समोरच्या घरात उभा आहे. पांढरा राजा प्याद्यास सोडून गेला, तर ते मारले जाईल. म्हणून तो सहाव्या ओळीत, प्याद्याच्या थेट मागे येतो. त्याबरोबर काळ्या राजाची सर्व घरे बंद होतात. मात्र त्यास शह बसत नाही. हरू घातलेला डाव वाचतो!

या अर्ध्या गुणाचे मोल थोडे नाही. एप्रिल 2025 मध्ये पुण्यात महिलांची ग्रांप्री स्पर्धा झाली. तीत कोनेरू हम्पी आणि चीनची झू जिनेर यांचे 9 डावांत प्रत्येकी 7 गुण झाले व समान गुणांसाठीच्या नियमांनी हम्पी विजेती ठरली. कोणा एकीस अर्धा गुण अधिक मिळता, तर त्या नियमांची गरजच पडली नसती. त्याच वर्षी जुलैमध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. नागपूरच्या 19 वर्षांच्या दिव्या देशमुखने हम्पीविरुद्धचे पहिले दोन्ही डाव बरोबरीत सोडवले, आणि पुढे जलद डावांत विजय मिळवून विश्वचषक जिंकला.

तेव्हा मोहरे गमावले म्हणून लगेच डाव सोडू नये. पट नीट न्याहाळावा. संकटातून सुटण्याची एखादी वाट तेथेच असू शकते.