सामाईक तिकिटाचा मालक कोण?

केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात परप्पनंगडी नावाची नगरपालिका आहे. तिथल्या हरित कर्म सेनेतल्या बायका घरोघरी फिरून प्लास्टिक आणि न कुजणारा कचरा गोळा करतात. 2023 च्या पावसाळ्यात त्यांच्यापैकी अकरा जणींनी मिळून राज्य लॉटरीच्या मॉन्सून बंपरचं एक तिकीट घेतलं. किंमत 250 रुपये. नऊ जणींनी पंचवीस-पंचवीस रुपये काढले. उरलेल्या दोघींनी मिळून एकच वाटा उचलला, साडेबारा-साडेबारा रुपयांत. जुलैच्या सोडतीत त्या तिकिटाला 10 कोटींचं पहिलं बक्षीस लागलं. एजंटाचं 10 टक्के कमिशन आणि राहिलेल्या रकमेवर 30 टक्के कर गेला की उरतात 6 कोटी 30 लाख (अधिभार वेगळा). म्हणजे पूर्ण वाट्याला 63 लाख आणि अर्ध्या वाट्याला साडेएकतीस.

वाटणीचं हे गणित बक्षीस लागल्यावर मांडलेलं नाही, ते वर्गणी काढतानाच ठरून गेलं होतं. पण समजा, तिकीट जिच्या हातात होतं तिनंच ऐनवेळी हात वर केले असते तर? आणि समजा, हे सगळं परप्पनंगडीऐवजी परळला घडलं असतं तर? दुसरा प्रश्न उगाच विचारलेला नाही. या बाबतीत मुंबईचा कायदा देशातल्या बहुतेक भागांहून कडक आहे आणि त्याचं मूळ अफूच्या बाजारात आहे.

कलकत्त्याला सरकारी अफूचे लिलाव होत. पुढच्या लिलावात सरासरी भाव काय निघेल, यावर मुंबईतले व्यापारी पैजा लावत. असाच एक वाद 1848 मध्ये थेट लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. इंग्लंडनं 1845 मध्येच पैजेचे करार रद्दबातल ठरवले होते, पण तो कायदा हिंदुस्थानाला लागू नव्हता. त्यामुळे ही पैज वसूल करता येते, असा निकाल लागला. सरकार जागं झालं आणि त्याच वर्षी इथंही पैजेचे करार निरर्थक ठरवणारा कायदा आला. 1872 च्या करार कायद्याचं कलम 30 हा त्याचाच वारसा. त्या कलमात एकच सवलत आहे: घोड्यांच्या शर्यतीतल्या विजेत्याला द्यायच्या 500 रुपये किंवा त्याहून मोठ्या बक्षिसासाठी काढलेली वर्गणी चालते. साहेबाचं घोड्यावर प्रेम होतं, दुसरं काय!

आता पैज रद्दबातल म्हटल्यावर सटोडिया गप्प बसेल होय? मूळ पैजेवर दावा लागत नसेल, तर दलालाच्या कमिशनवर लावू, पैजेसाठी दिलेल्या उधारीवर लावू, भागीदारीच्या हिशेबावर लावू. या पळवाटा बुजवायला मुंबई इलाख्यानं 1865 चा तिसरा कायदा केला. पैजेला मदत व्हावी म्हणून जाणूनबुजून केलेला कुठलाही करार, मग तो तोंडी असो वा लेखी, त्यानं रद्द ठरवला. इंग्लंडला हे शहाणपण सुचायला 1892 उजाडलं. अफू आणि कापसाच्या सट्ट्यात मुरलेल्या मुंबईनं साहेबाला सत्तावीस वर्षांनी मागं टाकलं होतं.

याचा परिणाम काय, ते 1959 च्या घेरूलाल पारख विरुद्ध महादेवदास मैया या निकालात नीट दिसतं. दोघांनी भागीदारीत हापूरच्या दोन पेढ्यांशी सट्ट्याचे व्यवहार केले आणि त्यांत तोटा आला. एकानं सगळा तोटा भरला आणि दुसऱ्याकडे निम्मा मागितला. दुसरा म्हणाला, धंदाच जुगाराचा, मग भागीदारी कसली? सर्वोच्च न्यायालयानं त्याचं म्हणणं फेटाळलं. पैज रद्दबातल असली तरी बेकायदा नसते, म्हणून तिच्याभोवतीची भागीदारी टिकते. मात्र न्यायमूर्ती सुब्बा राव यांच्या निकालपत्रातच मुंबईचा अपवाद आहे, कारण तिथं 1865 चा कायदा आहे.

लॉटरी सरकारची आहे, मग ती पैज कशी, असं कुणी म्हणेल. पण 1999 मध्ये बी. आर. एंटरप्रायझेस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं की राज्यानं चालवली म्हणून लॉटरीचा जुगारपणा जात नाही. महाराष्ट्र सरकार 1969 पासून स्वतःची लॉटरी चालवतं आहे. त्याच लॉटरीचं तिकीट परळच्या अकरा जणांनी वर्गणी काढून घेतलं, तर त्यांच्या आपसातल्या कराराला मात्र 1865 च्या कायद्याची आडकाठी येऊ शकते. तिकीट विकणारंही सरकार आणि कायदा राखणारंही सरकार.

माझ्या मते वाटा नाकारला गेलेल्या माणसानं करारावर भांडूच नये, मालकीवर भांडावं. ‘तू मला वाटा द्यायचं कबूल केलं होतंस’ हे झालं करारावर बोट. ‘ते तिकीट पहिल्यापासून आपलं दोघांचं होतं, तुझ्याकडे फक्त सांभाळायला होतं’ हा वेगळा दावा. इंग्लंडमध्ये 1885 च्या ब्रिजर विरुद्ध सॅव्हेज खटल्यात नेमकं हे झालं. पैज रद्दबातल असली, तरी दुसऱ्याच्या वतीनं जिंकलेले पैसे हातात आल्यावर मध्यस्थाला ते खिशात घालता येत नाहीत, असं कोर्ट म्हणालं. 1955 चा सिम्पकिन्स विरुद्ध पेज खटला तर अगदी घरगुती. घरमालकीण, तिची नात आणि भाडेकरू अशा तिघी मिळून एका रविवारच्या वृत्तपत्राच्या स्पर्धेची कुपनं भरायच्या. नाव मालकिणीचं जायचं. बक्षीस लागलं 750 पौंड. भाडेकरूला काही द्यायला मालकीण तयार होईना, कोर्टानं 250 द्यायला लावले.

अमेरिकेत राज्य बदललं की निकाल बदलतो. अलाबामातल्या एका हॉटेलात 1999 मध्ये गिऱ्हाइकानं वेट्रेसना फ्लोरिडा लॉटरीचं एकेक तिकीट भेट दिलं. एकीला 1 कोटी डॉलर लागले. लागलं तर वाटून घेऊ असं ठरलं होतं, म्हणून बाकीच्या कोर्टात गेल्या. खालच्या कोर्टात जिंकल्या, पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हरल्या, कारण जुगारावर उभा असलेला करार अलाबामात निरर्थक. शेजारच्या जॉर्जियानं मात्र 1995 मध्येच अशा करारात काही गैर नाही असं ठरवलं होतं. तिकडे दोघांनी मिळून केंटकीच्या लॉटरीचं तिकीट घेतलं होतं. कोर्टाचा मुद्दा साधा होता: हे दोघं एकमेकांविरुद्ध कुठं पैज लावत होते? ते तर एकाच बाजूला होते. मला हाच युक्तिवाद सर्वात पटतो. मुंबईतही कुणीतरी तो नेटानं मांडायला हवा.

न्यू जर्सीतली गोष्ट पुराव्याच्या दृष्टीनं बोलकी आहे. तिथं बांधकामावरच्या एका कामगारानं सोबत्यांची वर्गणी गोळा करून तिकिटं घेण्याचं काम पत्करलं होतं. 2009 मध्ये त्याला 3 कोटी 85 लाख डॉलरचं बक्षीस लागलं. पायाच्या शस्त्रक्रियेची सबब सांगून तो कामावरून गेला. ते तिकीट माझ्या खासगी पैशाचं, असा त्याचा बचाव होता. 2012 मध्ये ज्यूरीनं पाच सोबत्यांना प्रत्येकी 40 लाख डॉलर द्यायला लावले. कुठलं तिकीट वर्गणीतलं आणि कुठलं स्वतःचं, हे सोडतीआधी लिहून ठेवलं असतं तर ज्यूरीची गरजच पडली नसती.

राज्य आणि घाऊक वितरक यांच्यात मात्र करारांचा सुकाळ असतो आणि त्यांच्या ओळीओळीवर वर्षानुवर्षं खटले चालतात. वितरक हा सरकारचा एजंट नाही, तो तिकिटं विकत घेणारा स्वतंत्र व्यापारी आहे, त्यामुळे त्याच्यावर सेवाकर बसत नाही, हे ठरायला फेब्रुवारी 2025 उजाडलं. वर्गणी काढणाऱ्यांच्या वाट्याला असे करार आणि वकील येत नाहीत.

त्यांच्याकडे असतो शब्द. 2021 च्या मार्चमध्ये केरळातल्या अलुव्याजवळच्या एका तिकीट विक्रेतीकडे समर बंपरची काही तिकिटं उरली होती. तिनं नेहमीच्या गिऱ्हाइकांना फोन लावले. एक जण म्हणाला, एक माझ्यासाठी बाजूला ठेव, 200 रुपये नंतर देतो. त्याच तिकिटाला 6 कोटी लागले. तिकीट तिच्याकडे, पैसे मिळालेले नाहीत, सही नाही, साक्षीदार नाही. तरी ती त्याच्या घरी गेली आणि तिकीट देऊन आली. तिकीट ही साधी वस्तू असती, तर बोलणी पक्की होताच ती गिऱ्हाइकाची झाली असती, उधारी असली तरी. पण 2006 पासून सर्वोच्च न्यायालयाच्या लेखी लॉटरीचं तिकीट ही वस्तू नाही, तो एक दावा आहे. आणि दावा दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी सही लागते. कायदा काटेकोर वाचला असता, तर बाई सुखानं घरी बसू शकली असती.

ब्रिटननं हा घोळ 2007 मध्ये मिटवला. तेव्हापासून तिथं पैजेचे करार कोर्टात वसूल होतात. तरीही एकत्र तिकिटं घेणाऱ्यांना लेखी करार करा असं सांगितलं जातं, कारण कागद नसेल तर वाटणी ही भेट धरली जाऊन वारसा कर बसू शकतो. आपल्याकडे कराराचं बळ शंकास्पद असलं, तरी कराच्या दृष्टीनं कागदाचं मोल मोठं आहे. कागद कसला? तिकिटाचा नंबर, प्रत्येकाचं नाव आणि दिलेली रक्कम, तिकीट कुणाकडे आहे, आणि सगळ्यांच्या सह्या. तिकिटाच्या फोटोसह तो सोडतीआधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडला की तारीख आपोआप लागते.

कर किती वाचतो? आकडे परप्पनंगडीचेच घेऊ. कमिशन वजा जाता उरलेलं 9 कोटींचं बक्षीस एकाच नावावर घेतलं, तर 2 कोटी 70 लाख करावर नव्या करपद्धतीत 25 टक्के अधिभार बसतो, म्हणजे 67 लाख 50 हजार. तेच वाट्यांप्रमाणे दाखवलं आणि कुणाचं दुसरं मोठं उत्पन्न नसेल, तर नऊ जणींना प्रत्येकी 90 लाखांवर 10 टक्के अधिभार लागतो आणि अर्ध्या वाट्याच्या दोघी 50 लाखांच्या आतच राहतात. एकूण अधिभार 24 लाख 30 हजार. फरक 43 लाख 20 हजारांचा.