१८०० आणि १८६० मध्ये फरक काय?

मुलांनो, हेल्पलाइनचा प्रत्येक नंबर फुकट नसतो बरं का! १८०० ने सुरू होणारा नंबर टोल-फ्री असतो. म्हणजे कॉलचे पैसे आपण नाही, ज्यांना फोन लावला ते भरतात. १८६० वर मात्र स्थानिक कॉलचा खर्च आपल्याला येतो. म्हणून आधी सुरुवातीचे चार अंक वाचा, मगच फोन लावा.

१०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन १९९६ मध्ये आपल्या मुंबईतच सुरू झाली. संकटातल्या मुलाच्या खिशात पैसे असतीलच असं नाही, म्हणून ती मोफत आहे. पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका यांसाठीचा ११२ हाही मोफत. हे दोन नंबर आजच वहीच्या पहिल्या पानावर लिहा. गरज पडली तर पैशांचा विचार करत थांबू नका.