रूडॉल्फ द रेड-नोज्ड रेनडिअर

नाताळच्या दिवसांत गायिले जाणारे एक विख्यात अमेरिकन बालगीत. शीर्षकाचा अर्थ ‘लाल नाकाचा रेनडिअर रूडॉल्फ’ असा आहे. गीताची शब्दरचना व स्वररचना जॉनी मार्क्स (१९०९–८५) या गीतकाराची असून ते १९४९ साली जीन ऑट्री (१९०७–९८) या गायक-नटाच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाले. गीतात ख्रिस्तजन्माचा उल्लेख नाही. त्यामुळे चर्चमध्ये गायिल्या जाणाऱ्या परंपरागत नाताळगीतांहून ते वेगळे ठरते. सांता क्लॉजची घसरगाडी ओढणाऱ्या रेनडिअरांप्रमाणे रूडॉल्फही जुन्या लोककथेतून आला असावा, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः त्याचा निर्माता, निर्मितीचे वर्ष आणि निर्मितीचे कारण या तिन्ही गोष्टी निश्चितपणे ज्ञात आहेत. इतर आठ रेनडिअरांची नावेदेखील फार प्राचीन नाहीत. ती १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या व सामान्यतः क्लेमंट मूर याच्या नावावर असलेल्या एका कवितेतून रूढ झाली.

रूडॉल्फची कथा प्रथम अवतरली ती जाहिरात-पुस्तिकेच्या रूपाने. शिकागो येथील माँटगोमरी वॉर्ड ही कंपनी टपालाने व आपल्या दुकानांतून माल विके आणि नाताळात ग्राहकांच्या मुलांना चित्रे रंगविण्याची पुस्तके भेट देई. ही पुस्तके विकत घेण्याऐवजी स्वतःच एखादी पुस्तिका छापणे स्वस्त पडेल, या हिशोबाने १९३९ च्या आरंभी ते काम जाहिरात-मजकूर लिहिणाऱ्या रॉबर्ट मे (१९०५–७६) या कर्मचाऱ्याकडे सोपविण्यात आले. मे याचे दिवस त्या वेळी कठीण होते. पत्नी कर्करोगाने अंथरुणाला खिळली होती, औषधोपचारांमुळे कर्ज झाले होते आणि मुलगी अवघी चार वर्षांची होती. जुलैमध्ये पत्नीचे निधन झाले. काम दुसऱ्याकडे देण्याची वरिष्ठांची सूचना न स्वीकारता त्याने ऑगस्टअखेर ते पुरे केले. रचलेल्या ओळी तो मुलीला वाचून दाखवी. लाल नाक हे मद्यप्यांचे लक्षण मानले जात असल्याने वरिष्ठांना मूळ कल्पना प्रथम रुचली नव्हती. तेव्हा मे याने डेन्व्हर गिलेन या चित्रकार सहकाऱ्याला लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयात नेले व तेथील हरणांवरून त्याने काढलेली रेखाटने दाखवून संमती मिळविली. त्या वर्षी पुस्तिकेच्या सु. २४ लाख प्रती वाटल्या गेल्या. युद्धकाळात कागदाच्या टंचाईमुळे ती पुन्हा निघाली नाही. १९४६ मधील आवृत्ती धरून एकूण प्रती सु. ६० लाखांवर गेल्या.

पुस्तिका नोकरीचा भाग म्हणून लिहिलेली असल्याने तिचा लेखाधिकार कंपनीकडे होता आणि या प्रचंड प्रसाराचा लाभ लेखकाला मिळत नव्हता. कंपनीचे अध्यक्ष स्यूएल एव्हरी यांनी १९४७ च्या आरंभी तो अधिकार मे याला विनामूल्य दिला. व्यापारी जगतात असे औदार्य विरळाच म्हणावे लागेल. त्यानंतरच रूडॉल्फला पुस्तक, चित्रपट व गीत ही रूपे प्राप्त झाली. विक्रीसाठी काढलेली पहिली आवृत्ती त्याच वर्षी निघाली. १९४८ मध्ये मॅक्स फ्लायशर याने त्यावर एक लघू सचेतनपट काढला. मे याचे ऋण फिटले. १९५१ साली नोकरी सोडून त्याने काही वर्षे केवळ रूडॉल्फचा व्यवहार पाहिला आणि १९५८ मध्ये तो जुन्या कंपनीत परत रुजू झाला.

जॉनी मार्क्स हा मे याचा मेहुणा, म्हणजे बहिणीचा पती. तो स्वतः ज्यू होता. नाताळची अनेक लोकप्रिय अमेरिकन गीते ज्यू रचनाकारांची आहेत, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. त्याच्या गीताच्या आरंभी आठ रेनडिअरांची नावे येतात व मग मुख्य चाल सुरू होते. तिचे चार भाग असून पहिला, दुसरा व चौथा एकाच सुरावटीचे आहेत. तिसऱ्यात चाल बदलते आणि नेमक्या त्याच ठिकाणी धुक्याची रात्र व सांताचे आगमन योजिले आहे. कथेचे वळण व चालीचे वळण असे एकत्र आल्यामुळे लहान मुलांनाही गीत चटकन पाठ होते. ऑट्रीने ते गाण्याविषयी प्रथम अनुत्सुकता दाखविली होती. पत्नीच्या आग्रहामुळे तो तयार झाला, असे सांगतात. जानेवारी १९५० मध्ये त्याची ध्वनिमुद्रिका अमेरिकेतील लोकप्रिय गीतांच्या यादीत अग्रस्थानी पोहोचली.

गीताने कथा संक्षिप्त केली, तशीच ती बदललीही. मे याच्या पुस्तिकेतला रूडॉल्फ सांताच्या पागेतला नाही. तो रेनडिअरांच्या एका सामान्य गावात मायाळू आईवडिलांजवळ राहतो. धुक्यात चाचपडत भेटी वाटणाऱ्या सांताला त्याच्या खोलीतला उजेड दिसतो. गीतात घर व आईवडील गळाले. उरली ती सवंगड्यांची चेष्टा, सांताची हाक आणि अखेरचे कौतुक. गीतानंतरची बहुतेक चित्रपुस्तके हाच सांगाडा घेतात. त्यांपैकी बार्बरा शूक हेझन हिच्या मजकुराचे व रिचर्ड स्कॅरी याच्या चित्रांचे स्वस्त पुस्तक (१९५८) विशेष प्रसिद्ध आहे. व्यंग वा वेगळेपण असलेल्या मुलाला ही कथा धीर देते, असे सामान्यतः म्हटले जाते. तथापि उपयोग सिद्ध होईपर्यंत त्याला कोणी जवळ करीत नाही, हा तिच्यातला अवघड भाग गीतात अधिक उघडा पडतो. मूळ पुस्तिकेत आईवडिलांची माया त्यावर उतारा होती.

रँकिन-बास या निर्मितिसंस्थेचा बाहुल्यांचा सचेतनपट ६ डिसेंबर १९६४ रोजी अमेरिकन दूरचित्रवाणीवर प्रथम दाखविला गेला. त्याचे बाहुलीचित्रण तादाहितो मोचिनागा याच्या देखरेखीखाली जपानमध्ये झाले. पटकथा रोमिओ म्यूलर याची व गीते मार्क्सची होती. गीतातील त्रोटक कथानक तासाभराच्या कार्यक्रमाला पुरणारे नव्हते. म्हणून दंतवैद्य होऊ पाहणारा हर्मी हा बुटका कारागीर, टाकून दिलेल्या खेळण्यांचे बेट इ. भर घालण्यात आली आणि डॉनर हा रेनडिअर रूडॉल्फचा पिता ठरला. तोही मुलाचे नाक झाकू पाहतो, हे मूळ कथेच्या अगदी उलट होय. बेटावरील खेळण्यांची सुटका सांताने केली नाही, अशी तक्रार प्रेक्षकांनी पत्रांतून केल्यामुळे पुढील वर्षी शेवट बदलावा लागला. चित्रपटाच्या लेखाधिकार-सूचनेत रोमन अंकांतील ‘एम’ हे एक अक्षर गळून १९६४ ऐवजी ११६४ असा सन पडला. त्यामुळे चित्रपटावरील हक्काबद्दल वाद निघाला; गीतांवरील स्वतंत्र हक्क मात्र अबाधित राहिले.

रंगभूमीवरील संगीतिका पुस्तिकेपेक्षा या चित्रपटावरच अधिक विसंबतात. अटलांटा येथील ‘सेंटर फॉर पपेट्री आर्ट्स’ या संस्थेने २०१० मध्ये त्याचे बाहुलीनाट्य सादर केले आणि २०१४ पासून नटसंचाच्या संगीतिकेचे दौरे उत्तर अमेरिकेत सुरू झाले. दोहोंत संवाद, गीते व पात्रांचे पोशाखदेखील चित्रपटाबरहुकूम राखण्याकडे कल दिसतो. प्रेक्षकाला ओळखीचे तेच पुन्हा हवे असते. परिणामी रंगभूमीच्या स्वतंत्र शक्यतांना येथे फारसा वाव मिळालेला नाही. चित्रीकरणासाठी वापरलेल्या रूडॉल्फ व सांता यांच्या दोन बाहुल्या २०२० मध्ये लिलावात ३,६८,००० डॉलरांना विकल्या गेल्या व पुढे त्याच अटलांटा संस्थेला भेट मिळाल्या. रॉबर्ट मे याचे मूळ हस्तलिखित तो ज्या डार्टमथ महाविद्यालयातून १९२६ साली पदवीधर झाला, तेथील ग्रंथालयात जतन केलेले आहे.