भिंत आधी, खिळा शेवटी

आजचा विषय अगदी घरगुती आहे. फ्रेम केलेली चित्रं आणि फोटो भिंतीवर लावायचे कसे? "त्यात काय, खिळा ठोकायचा आणि अडकवायचं!" आम्हीही असंच म्हणायचो. आजोबांचा एकुलता एक फोटो आम्ही बैठकीच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर लावला. तीन पावसाळे गेले. डाग दिसले म्हणून फ्रेम उघडली, तर फोटो काचेला चिकटलेला. ओढून सोडवायला गेलो आणि अर्ध्या चेहऱ्याचा थर काचेबरोबर निघून आला. तेव्हापासून आम्ही क्रम बदलला. भिंत आधी, खिळा शेवटी.

म्हणून पहिला प्रश्न: कोणती भिंत? पाऊस थेट झोडपतो ती बाहेरची भिंत नको. पलीकडे न्हाणीघर असेल ती नको. थेट ऊन येत असेल तिथे जलरंगातली चित्रं आणि रंगीत फोटो फिके पडतात. घरातली आतली, कोरडी भिंत सगळ्यांत चांगली. फ्रेम करताना काच आणि कागद यांच्यामध्ये आम्लविरहित पुठ्ठ्याचा माउंट घालून घ्या, म्हणजे कागद काचेला टेकत नाही. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराचे किंवा बुचाचे तुकडे चिकटवा. त्यामुळे मागून हवा खेळती राहते.

दुसरा प्रश्न उंचीचा. आपल्याकडे चित्रं फार उंच लावायची सवय आहे, आणि तिला इतिहास आहे. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या छापील तसबिरी सामान्य घरांतही पोचल्या. जुन्या घरांत अशा तसबिरी छताजवळ, वरची बाजू पुढे झुकवून लावलेल्या दिसतात. माणसं सतरंजीवर बसून वर बघायची, त्यांना झुकलेली तसबीर नीट दिसायची. आता आपण झुकवणं सोडलं, उंची मात्र तशीच ठेवली!

साधा हिशोब सांगतो. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर, म्हणजे साधारण १४५ सेंटीमीटरवर ठेवा. उभ्या माणसाच्या नजरेची ही साधारण उंची. बसूनच बघायचं असेल तर चार-पाच इंच खाली आणा. सोफ्याच्या वर लावताना पाठीपासून सहा ते आठ इंच जागा सोडा, आणि सहा फुटी सोफा असेल तर चित्रांची एकूण रुंदी चार फुटांच्या आसपास ठेवा.

तिसरा प्रश्न मांडणीचा. अनेक फ्रेम असतील तर त्या सगळ्यांचं मिळून एकच मोठं चित्र आहे असं समजा आणि त्या मोठ्या चित्राचा मध्य ५७ इंचांवर धरा. दोन फ्रेममध्ये दोन ते तीन इंच अंतर पुरे. वर्तमानपत्रातून प्रत्येक फ्रेमच्या मापाचा कागद कापा, आधी जमिनीवर मांडा, मग भिंतीला चिकटपट्टीने लावून दोन दिवस तसेच राहू द्या. घरातली माणसं जाता-येता सांगतातच काय खटकतंय ते.

आता खिळा. फ्रेम २० इंच उंच आहे, आणि मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून तीन इंच खाली येते असं समजा. ५७ मध्ये निम्मी उंची १० मिळवा, ३ वजा करा: हूक ६४ इंचांवर. जड फ्रेमला ड्रिल करून प्लास्टिकची गिट्टी बसवा, स्क्रू मारा, आणि एकाऐवजी दोन हूक लावा. सुतळी नको, ती कुजते. पिळाची तार घ्या. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका, तिथे भिंतीत वायरी असू शकतात.

आमच्या आजोबांच्या फोटोचं पुढे काय झालं? जे उरलं त्याचा नवा फोटो काढून घेतला. तो आता माउंटसह आतल्या भिंतीवर आहे. अर्धा चेहरा गेला तो गेलाच. तुमच्याकडे तसं होऊ नये म्हणून एक विनंती: या रविवारी घरातला सगळ्यांत जुना फोटो खाली उतरवा आणि मागून ओल आलीय का बघा. काचेला चिकटला असेल तर मात्र ओढू नका. काचेसकट त्याचा फोटो काढून ठेवा, आणि मगच जाणकाराकडे न्या.